साथ येते तेव्हा गल्लीतली आशाताई नेमकं काय करते?

कळवा पूर्वेला पारसिकच्या उतारावर माझी आत्या राहते. तिथे वर जायला रस्ता नाही, पायऱ्या आहेत. समोरून हंडा घेऊन कुणी आलं की आपण कुणाच्या तरी उंबऱ्यावर पाय ठेवून वाट द्यायची. २०२० च्या जुलैत ठाण्यात पुन्हा कडक लॉकडाऊन लागला होता, तेव्हाची गोष्ट. त्या भागातली आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतली वस्तीतलीच आरोग्य स्वयंसेविका, आत्याच्या दारात आली. तोंडाला मास्क, खांद्याला पिशवी, हातात वही. कुणाच्याही घरात पाऊल टाकायचं नाही, हा तिचा तिनेच घातलेला नियम.

"काकू, घरात कुणाला ताप, खोकला?"

"नाही गं. सगळे ठणठणीत."

ताईने वही उघडलीच नाही. तिने दाराबाहेर बघितलं. "काकू, तुम्ही घरात चौघं. चपलांचे जोड पाच कसे?"

पाचवा जोड आत्याच्या सुनेच्या भावाचा होता. तो दोन दिवसांपूर्वी भिवंडीहून आला होता, आत पांघरूण घेऊन पडला होता आणि त्याला फोडणीचासुद्धा वास येत नव्हता. आत्याला खोटं बोलायचं नव्हतं. तिच्या हिशेबात तो "घरातला" नव्हताच.

सर्वेक्षण, संपर्क शोध, जोखीम गट असे शब्द त्या काळात आपण रोज बातम्यांत ऐकले. वस्तीत त्यांचा अर्थ बऱ्याचदा चपला मोजणं एवढाच असतो. हे काम करणारी बाई कोण, तिला काय जमतं, काय जमत नाही आणि ते इतकं अवघड का होऊन बसतं, ते जरा सविस्तर बघू.

आधी साथीचं गणित. रुग्णालयाला फक्त दारात येऊन पोचलेला रुग्ण कळतो. कोविडमध्ये लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस जातात, कधी चौदा दिवसांपर्यंतही. आणि लक्षणं दिसायच्या दोनेक दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. म्हणजे ताप येऊन, तो अंगावर काढून, मग तपासणी करून, रिपोर्ट हातात येईपर्यंत त्याने आजार वाटून झालेला असतो. अशा वेळी त्या एका रुग्णावर उपचार करून साथ थांबत नाही. मागे जाऊन तो कुणाकुणाला भेटला हे शोधावं लागतं, आणि त्या लोकांनी पुढे कुणाला भेटायच्या आत त्यांना गाठावं लागतं. हाच संपर्क शोध. एक दिवस उशीर झाला की यादी लांबते.

आता ही यादी करायची कशी? नियंत्रण कक्षातून फोन येतो, अनोळखी आवाज विचारतो, "गेल्या काही दिवसांत कुणाच्या संपर्कात आलात?" उत्तर ठरलेलं, "कुणाच्याच नाही." लोक खोटारडे असतात म्हणून नव्हे. शेजाऱ्याचं नाव सांगितलं तर त्याच्या दारावर घर बंद करणारे बांबू लागणार, त्याचा रोजगार बुडणार आणि तो जन्मभर तोंड फिरवणार, हे सांगणाऱ्याला ठाऊक असतं. शिवाय बऱ्याच भेटी माणसाला भेटी वाटतच नाहीत. नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येतं, त्या रांगेत उभं राहणं म्हणजे काय कुणाला भेटणं झालं? सार्वजनिक संडासाच्या रांगेचं तर कोण सांगणार!

आशाताईला मात्र हे न विचारता माहीत असतं. मंगळवारी वरच्या आळीत हळद होती आणि आमच्या ठाण्याकडची हळद म्हणजे घरच्या घरी उरकायचा विधी नाही, सगळी आळी जमते. दोन घरं सोडून राहणारा पोरगा याच रुग्णाच्या रिक्षात पुढच्या सीटवर चिकटून बसून स्टेशनपर्यंत जातो. खालची म्हातारी याच घरी दुपारी टीव्ही बघायला येते. एका घरात राहणारे, किंवा मास्कशिवाय हातभर अंतरावर बराच वेळ एकत्र असलेले ते "हाय रिस्क", बाकीचे "लो रिस्क" अशी साधारण विभागणी होती. कागदावर ती सोपी दिसते. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं आणि भिंतीला भिंत लावून पुढची खोली असेल तर लो रिस्क नेमकं कुणाला म्हणायचं, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. ते ताईला उभ्या उभ्या ठरवावं लागायचं.

तिची ही ओळख जिथे तोकडी पडते ती जागाही ठाणे जिल्ह्यातच आहे. वाशीचं एपीएमसी मार्केट, म्हणजे शेतमालाचा घाऊक बाजार. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत तिथे रुग्ण वाढत गेले आणि शेवटी ११ ते १७ मे असं आठवडाभर मार्केट बंद ठेवावं लागलं. तिथला माथाडी कोपरखैरणेत किंवा घणसोलीत राहतो, घरी त्याला आशा ओळखते. पण मार्केटच्या गाळ्यावर त्याने ज्याच्या टेम्पोत गोण्या चढवल्या तो ड्रायव्हर कुठल्या जिल्ह्याचा, ज्याच्याकडून पैसे मोजून घेतले तो कोण, हे त्यालाच माहीत नसतं. जिथे माणसं एकमेकांना नावाने ओळखत नाहीत तिथे संपर्क शोध जवळजवळ हात टेकतो. मग उरतो मार्केट बंद करणं, तपासण्या वाढवणं, हा बोथट उपाय. आशा सगळीकडे पुरेल असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

बोटावरचा चिमटा

१५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" ही मोहीम सुरू झाली, ती २५ ऑक्टोबरपर्यंत चालली. एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक असं पथक, दिवसाला ५० घरं, प्रत्येकाचं तापमान आणि ऑक्सिजन. आठ तासांत ५० घरं म्हणजे घरामागे साडेनऊ मिनिटं, आणि त्यातच एका घरातून दुसऱ्या घरी जाणं, पायऱ्या चढणं, "थांबा, आंघोळीला गेलेत" हे सगळं आलं. घरात पाच माणसं असतील तर माणशी दोन मिनिटंही नाहीत.

या दोन मिनिटांत बोटाला लावायचा तो छोटा चिमटा, ऑक्सिमीटर, नेमकं काय करतो? त्याच्या एका बाजूने लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश बोटातून आरपार जातो. ऑक्सिजन वाहून नेणारं रक्त आणि ऑक्सिजन सोडून आलेलं रक्त हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. पलीकडे किती प्रकाश पोचला यावरून यंत्र टक्केवारी काढतं. निरोगी माणसात ती साधारण ९५ ते १०० असते. मोहिमेत ९५ च्या खाली आकडा आला किंवा ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर पुढे पाठवा, असा नियम होता.

इतकं सोपं असतं तर मग माणूस कशाला लागला असता! बोट गार असेल तर आकडा चुकतो. नखाला गडद नेलपॉलिश असेल तर चुकतो. चिमटा लावून हात हलवत राहिलात तर चुकतो. आत्याकडची ताई आधी बायकांना हात चोळायला लावायची, चिमटा लावला की स्वतः मनात वीसपर्यंत मोजायची आणि मगच आकडा बघायची. पहिला दिसला तो आकडा लिहून मोकळी होणारी पथकंही होती, आणि घरामागे साडेनऊ मिनिटांत त्यांना तरी काय बोल लावणार.

कोविडने आणखी एक गोची केली होती. काहींचा ऑक्सिजन खाली गेलेला असतो आणि माणूस मात्र बसून चहा पितो, गप्पा मारतो, त्याला दम लागल्याचं जाणवत नाही. याला डॉक्टर "हॅपी हायपोक्सिया" म्हणायचे. बसल्या जागी ९६ दाखवणारा माणूस चालवला की खाली येतो. म्हणून सहा मिनिटं चालायला लावून पुन्हा मोजायची पद्धत आली. चालल्यावर आकडा तीन किंवा जास्त टक्क्यांनी घसरला तर फुप्फुसांवर ताण आहे, असं समजायचं. आता पारसिकच्या उतारावर सपाट सहा मिनिटं चालायला जागा आहे कुठे? ताई माणसाला खोलीतच भिंतीपासून भिंतीपर्यंत फेऱ्या मारायला लावायची आणि स्वतः दारात मोबाईलचं घड्याळ धरून उभी राहायची. घरातली पोरं फेऱ्या मोजायची. आत्याकडच्या त्या भिवंडीच्या पाहुण्याचा आकडा असाच चालल्यावर घसरला होता. त्याला त्याच संध्याकाळी हलवला आणि पुढे तो बराही झाला. त्याला मात्र अजून वाटतं की उगाच नेलं.

ती आली कुठून

"आशा" हे नाव "ॲक्रेडिटेड सोशल हेल्थ ॲक्टिव्हिस्ट" या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पडलेलं, पण योगायोगाने मराठीत फिट्ट बसलं. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हा साधारण हजार लोकसंख्येमागे गावातलीच एक बाई, असं ठरलं. अट मोठी विचारपूर्वक घातलेली आहे: ती त्याच गावात राहणारी हवी, आणि शक्यतो विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित. कारण साधं आहे, लग्न होऊन दुसऱ्या गावी जाणारी मुलगी प्रशिक्षण देऊन काय उपयोगाची? शहरी भागासाठी २०१३ पासून हीच रचना आली, ती मुख्यतः वस्त्यांसाठी. साधारण दोनशे ते पाचशे घरं एका आशाकडे. राज्यात आज सुमारे ७० हजार आशा आहेत. त्यांच्या कामावर देखरेख ठेवतात त्या गटप्रवर्तक.

कल्पना मात्र २००५ च्या कितीतरी आधीची, आणि बरीचशी आपल्याकडची आहे. १९७० साली जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्य कार्यकर्त्या केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, आणि त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहूनही खाली आले. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. आज बाळंतपणानंतर आशा घरी येऊन बाळाचं वजन करते, अंग गार पडलंय का बघते, ते त्याच कामातून आलेलं आहे.

आणि याच्या उलटं टोक बघायचं असेल तर १८९७ कडे जावं लागतं. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत प्लेग आला, आणि पुढच्याच वर्षी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात घरं तपासायला सैनिक पाठवले. त्यांनी देवघरं, स्वयंपाकघरं, बाजा-बिछाने काही सोडलं नाही. लोक रोगी लपवायला लागले. २२ जून १८९७ ला पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच साली १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना प्लेगनेच गेल्या. दार ठोठावणाऱ्या हातात बंदूक आहे की पाण्याचा तांब्या, यावर दार उघडणार की नाही हे ठरतं. २०२० च्या मार्चमध्ये आपल्या राज्याने साथीसाठी जो कायदा लागू केला तो तोच, १८९७ चा. फरक इतकाच की या वेळी दारात सैनिकाच्या जागी शेजारची ताई होती.

इतकाच फरक, पण सगळा भार त्याच्यावर होता.

शेजारीण की सरकारचा डोळा?

मला या सगळ्यातली सर्वांत कठीण गोष्ट हीच वाटते. पीपीई किटची कमतरता, उन्हातान्हात फिरणं, हे त्रास खरेच आहेत आणि त्यावर पुष्कळ बोललंही गेलं. पण ताईची खरी पुंजी म्हणजे लोकांचा विश्वास. वर्षानुवर्षं तिने पोलिओचे थेंब पाजले, बायकांना बाळंतपणाला नेलं, रात्री दोनला रिक्षा शोधली. मग साथ आली आणि याच ओळखीच्या जोरावर तिला विचारायला लावलं, "कोण आलंय? कुठून आलंय?" तिने नाव लिहून दिलं की दुसऱ्या दिवशी महापालिकेची गाडी, बांबू, पत्रे, दारावर कागद. गल्लीच्या नजरेत ती गाडी तिनेच आणलेली असायची.

"तू आमच्या पोरीचं बाळंतपण केलंस आणि आता आम्हालाच पकडून द्यायला निघालीस?" हे वाक्य आत्याच्या शेजारणीने ताईला तोंडावर ऐकवलेलं मी कानाने ऐकलं आहे. ताई काही बोलली नाही. वही पिशवीत टाकली आणि पुढच्या दारात जाऊन उभी राहिली.

घरी तिचीही सुटका नव्हती. सासू म्हणायची, दिवसभर पॉझिटिव्ह लोकांच्या दारात फिरतेस, पोरांना हात लावू नकोस. ती बाहेरच्या मोरीत कपडे भिजवून, आंघोळ करूनच घरात शिरायची. घरमालकाने खोली खाली करायला सांगितल्याच्या तक्रारी डॉक्टर-नर्सेसच्याही होत्या. आशांच्या बाबतीत फरक असा की मालक, शेजारी आणि "लाभार्थी" ही एकच माणसं. कामावरून घरी गेल्यावर काम संपत नाही, कारण कामाची जागा आणि घर एकच गल्ली.

देशभर हल्ले वाढले तेव्हा २२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेश काढून त्या जुन्या कायद्यात दुरुस्ती झाली. आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला करणं अजामीनपात्र ठरलं, तीन महिने ते पाच वर्षं शिक्षा, आणि गंभीर इजा केली तर सहा महिने ते सात वर्षं. या संरक्षणात समुदाय आरोग्य कार्यकर्त्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे, म्हणजे आशाही त्यात आली. हे चांगलंच झालं. पण व्यवहारात बघा: ज्या बाईला उद्या पुन्हा त्याच घरी बाळाचं वजन करायला जायचंय, ती शेजारणीविरुद्ध पोलीस चौकीत जाईल? टोमण्यांसाठी तर कुणी चौकीत जातच नाही.

टॉवरवाल्यांची गंमत वेगळीच. घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीत (नाव घेत नाही, माझी मैत्रीण तिथे राहते) सर्व्हेला आलेल्या पथकाला वॉचमनने गेटवरच थांबवलं. "आमच्या कमिटीने आमची माहिती ठेवली आहे." कमिटीची माहिती म्हणजे व्हॉट्सॲपवरचा एक तक्ता, ज्यात घरकामाच्या बायकांना बंदी आणि कुरिअरला सॅनिटायझर एवढंच होतं. वस्तीत आशा असते म्हणून निदान कुणाला तरी खबर असते. वीस मजल्यांच्या इमारतीत शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटे राहणारे आजोबा चार दिवस दिसले नाहीत, हे कुणाच्याच वहीत येत नाही. साथीत गरीब वस्त्या धोक्याच्या, हे आपण धरूनच चालतो. टॉवरमधल्या एकट्या म्हाताऱ्या माणसाचा धोका कुणी मोजत नाही.

हिशेब

आता पैशाचं. आशाला पगार नसतो. सरकारी भाषेत ती "स्वयंसेविका" आहे, आणि तिला मिळतो तो कामावर आधारित मोबदला. जननी सुरक्षा योजनेत गरोदर बाईची तपासणी आणि रुग्णालयातलं बाळंतपण झालं तर ग्रामीण भागात एकूण ६०० रुपये, शहरी भागात ४००. नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या भेटी सगळ्या पूर्ण केल्या की २५०. नेहमीच्या कामांचे महिन्याचे हजार होते ते २०१८ मध्ये दोन हजार झाले. शिवाय राज्याचं मानधन.

ही पद्धत नेहमीच्या काळात ठीक चालते. साथ आली की ती उलटी फिरते, आणि ही यंत्रणेची मेख फार कुणी समजावून सांगत नाही. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये लसीकरणाची सत्रं बंद पडली, बायका माहेरी अडकल्या किंवा गावी निघून गेल्या, बाळंतपणं खासगीत नाहीतर घरीच झाली. म्हणजे ज्या कामांना दर होता ती कामं कमी झाली. आणि जी कामं वाढली, घरोघरी सर्व्हे, क्वारंटाईन असलेल्यांना फोन, गावी परतलेल्यांच्या याद्या, त्यांना दरपत्रकात ओळच नव्हती. काम दुप्पट, उत्पन्न कमी. केंद्राने कोविड कामासाठी महिना हजार रुपये ठरवले. तीस दिवसांनी भागा: दिवसाला ३३ रुपये.

राज्याने जुलै २०२० पासून मानधनात दोन हजारांची वाढ दिली. तरीही १५ जून २०२१ ला राज्यातल्या आशा संपावर गेल्या, दुसरी लाट नुकतीच ओसरत असताना. आठवडाभराहून अधिक काळ तो चालला, मग हजार रुपये वाढ आणि पाचशे कोविड भत्ता असा तोडगा निघाला. पुढे आणखी आंदोलनं झाली आणि मार्च २०२४ मध्ये राज्याने पाच हजारांची वाढ मंजूर केली. मधल्या काळात, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशांना मानाचा पुरस्कार दिला. आत्याच्या ताईला हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हो, ग्रुपवर आलं होतं. फुलांचं चित्र होतं."

"स्वयंसेविका" या एका शब्दाने काय काय टळतं पाहा. स्वयंसेविका म्हटली की ती कामगार नाही, म्हणून किमान वेतन नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही. मार्च २०२० मध्ये केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचं विमा कवच जाहीर केलं, त्यात आशाही होत्या. पण ते मृत्यू झाल्यावर घरच्यांना. लागण होऊन ती पंधरा दिवस घरात पडली तर त्या पंधरा दिवसांचा मोबदला कोण देणार, याचं उत्तर त्या कवचात नव्हतं. काम केलं तर पैसे, या नियमाने आजारी आशाचे पैसे बंद. म्हणजे अंगात कणकण असली तरी वही घेऊन बाहेर पडायचा मोह तिलाच होणार. साथ आटोक्यात ठेवायला नेमलेल्या माणसाला आजारपण लपवायची सोय आपणच करून ठेवली होती.

साथ एकच आजार आणत नाही, बाकीच्यांना झाकूनही टाकते. २०१९ मध्ये देशात टीबीच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. टीबी कमी झाला म्हणून नाही. खोकणारा माणूस कोविडच्या भीतीने घरात बसला आणि त्याला शोधणारी ताई ऑक्सिमीटर घेऊन फिरत होती म्हणून. टीबीचा उपचार न झालेला रुग्ण महिनोन् महिने दुसऱ्यांना लागण करत राहतो. म्हणजे कोविडच्या आकड्यात कधीच न दिसणारी कोविडची किंमत.

शहापूर-मुरबाडकडचं चित्र पुन्हा निराळं. तिथे गर्दी नाही, अंतर हाच शत्रू. एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायचं तर तास दीड तास पायपीट. लॉकडाऊन लागल्यावर वीटभट्ट्यांवर गेलेली कातकरी कुटुंबं एकेक करून परतली, आणि नाशिक महामार्गाने तर कित्येक दिवस माणसांची रांगच चालली होती. पाड्यावरच्या आशाला घर मोजायचं तर ते घर आज इथे, उद्या भट्टीवर. लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं, मेपासून अठरा वर्षांवरच्यांना खुलं झालं, पण नोंदणी मोबाईलवर. रेंज टेकडीवर चढल्याशिवाय नाही, स्मार्टफोन चार घरांत मिळून एक. बरेचदा ताईच्याच फोनवर दुसऱ्यांचे ओटीपी यायचे. लस घेतली की माणूस मरतो, ही अफवा मोडून काढायला कुठलंही पोस्टर कामी आलं नाही. ताईने आधी स्वतः घेतली, मग सासूला दिली, आणि आठ दिवस सासूला ओट्यावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. याला जनजागृती म्हणतात हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

पुढची साथ कधी येईल ते माहीत नाही, पण तयारी म्हणून काय हवं ते अवघड नाही. साथ जाहीर झाली की आशांना कामागणिक मोबदल्याऐवजी ठरलेली रोजची रक्कम सुरू व्हावी, आजारी पडल्यास ती चालू राहावी. बांबू लावणारा आणि विचारपूस करणारा माणूस वेगळा असावा; तिने फक्त काळजी घ्यावी, बंदी दुसऱ्याने घालावी. टीबी आणि गरोदर बायकांचं काम कुणाकडे जाणार हे आधीच ठरलेलं असावं. आणि टॉवरमध्येही कुणीतरी नेमावं, भले ती सोसायटीचीच कुणी निवृत्त नर्स असो. यातलं पहिलं सोडून बाकी कशालाही फारसा खर्च नाही, म्हणून बहुधा पहिलंच राहून जाईल.

मागच्या दिवाळीत आत्याकडे गेले तेव्हा ताई पायऱ्यांवर भेटली. डेंग्यूचा सर्व्हे चालू होता, ड्रमातल्या पाण्यात टॉर्च मारून अळ्या बघत होती. ऑक्सिमीटरचं काय झालं, विचारलं. घरी कपाटात आहे म्हणाली, आत सेल फुटून हिरवं झालंय, चालत नाही. टाकून का देत नाहीस, तर म्हणे, "कसा टाकू? माझ्या नावावर आहे तो. अजून परत मागितला नाही कुणी."